आधी दळणाचा डबा

"मावशी, मी अमळनेरची. पतसंस्थेत नोकरी करते. घरात सासू-सासरे, नवरा, 11 वर्षांचा मुलगा आणि 6 वर्षांची मुलगी. दोन महिन्यांपूर्वी नवऱ्याची साखर तपासली. डॉक्टर म्हणाले, मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहात, खाणं सुधारा. मी घरी आले आणि बिस्किटं, टोस्ट, खारी, नूडल्स, सॉस, फरसाण, थंड पेयाच्या बाटल्या असं सगळं पोत्यात भरून बाहेर काढलं. मोबाइलवर बघून ओट्स, किनोआ, चिया मागवलं. पहाटे साडेचारला उठून सगळं घरी करायला लागले. पंधरा दिवसांत घर माझ्यावर उलटलं. मुलगा डबा जसाच्या तसा परत आणतो. सासरे टोस्ट नाही म्हणून चहाला हात लावत नाहीत. सासूबाई किनोआ बघून 'हाई काय शे?' म्हणाल्या आणि मग 'इतकी वर्षं आम्ही काय विष खाऊ घातलं का' म्हणत रडल्या. नवरा रात्री बाहेर शेवभाजी खाऊन येतो. मी फार थकले आहे. माझं चुकलं का? आता काय करू?" (एक सून)

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना राग आला, तो तुझ्यावर नाही. साखर नवऱ्याची वाढली आहे आणि पहाटे साडेचारला उठतेस तू. हे पत्रात तू एका ओळीत सांगून पुढे गेलीस, पण मला वाटतं तुझ्या अडचणीची मुळी तिथेच आहे. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

तुझा हेतू बरोबर आहे. डॉक्टरांनी सांगितलं तेही बरोबर आहे. चुकलं ते एवढंच, की सहा माणसांचं खाणं तू एकटीच्या हातांनी एका दिवसात बदलायला गेलीस. मीही हेच केलं होतं. माझ्या नवऱ्याला रक्तदाबाची गोळी सुरू झाली, तेव्हा मी पापड, लोणचं, कुरडया, सगळं माळ्यावर चढवलं आणि घरात कुणालाही न विचारता भाजीतलं मीठ निम्मं केलं. माझ्या सासूबाई महिनाभर माझ्याशी कामापुरतं बोलल्या. नवरा डब्यात मिठाची पुडी घेऊन जायचा, हे मला नंतर कळलं. त्या महिन्यात मला जे शिकायला मिळालं, ते तुला आत्ताच सांगते, म्हणजे तुझा महिना वाचेल.

घरात टोस्ट, खारी, बिस्किटं आली कशी, याचा कधी विचार केलास? तुझ्या सासूबाईंच्या तरुणपणी पहाटे उठून भाकऱ्या, दुपारी निवडणं-टिपणं, उन्हाळ्यात बिबडे, पापड, शेवया, वर्षाचा मसाला, हे सगळं एका बाईच्या अंगावर असायचं. ज्या बाईने उमर चुलीपुढे घालवली, तिला टोस्टचं पुडकं म्हणजे सकाळची अर्ध्या तासाची सुटी वाटली. तू ते पुडकं पोत्यात घालून बाहेर काढलंस, तेव्हा त्यांना तुझी काळजी दिसली नाही. आपली सुटी कुणीतरी हिसकावली आणि वर आपल्याला दोषही दिला, असं त्यांना वाटलं. त्या रडल्या त्या यासाठी. आधी त्यांच्याजवळ जाऊन बस. माफी मागायची गरज नाही, पण "तुमच्या हातचं खाऊन कुणी आजारी पडलं नाही, दुकानातलं वाढलं म्हणून मी घाबरले" एवढं नक्की सांग. ते खरंही आहे.

आता तुझी भीती किती खरी आहे ते बघू. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत 20 माणसांना महिनाभर ठेवून एक प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष 2019 मध्ये आले. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं, पाकिटातलं खाणं आणि दोन आठवडे साध्या पदार्थांपासून बनवलेलं जेवण. दोन्हीत साखर, मीठ, चरबी, चोथा यांचं प्रमाण सारखं ठेवलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. पाकिटातल्या खाण्याच्या दिवसांत लोकांनी रोज सुमारे 500 किलोकॅलरी जास्त खाल्ल्या आणि त्यांचं वजन वाढलं. म्हणजे तुझा नवरा हावरट आहे किंवा मुलं ऐकत नाहीत, असं नाही. ते खाणंच असं असतं, की पोट भरल्याचं कळायच्या आत माणूस जास्त खाऊन जातो. ही गोष्ट घरात सांगितलीस तर कुणालाच दोष लागत नाही, आणि दोष लागला नाही की माणूस ऐकतो.

किनोआ आणि चिया मात्र राहू दे. वाईट आहेत म्हणून नाही, पण तुझ्या घरात ते कुणाच्या हाताला येत नाहीत आणि जिभेलाही येत नाहीत. त्याच पैशांत दादर किती येते ते दुकानात विचारून बघ. तापीकाठच्या काळ्या जमिनीत रब्बीला होणारी ही आपली ज्वारी. 2023 हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून जगभर साजरं झालं आणि शहरातली माणसं ज्वारी-बाजरी नव्याने शोधायला लागली. तुझ्या सासूबाईंना ती शोधावी लागत नाही. 100 ग्रॅम ज्वारीत साधारण 10 ग्रॅम चोथा असतो, मैद्यात 3 ग्रॅमच्याही आत. बिस्किट, टोस्ट, खारी, नूडल्स हे सगळं घरात येतं तेव्हा मुख्यतः मैदाच वेगवेगळ्या रूपात येत असतो.

म्हणून मी सांगते, आधी दळणाचा डबा बदल. बाकी काही हलवू नकोस. आठ-दहा दिवसांना पुरेल एवढंच दळून आणायचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा जातो, भाकरी थापताना कडा फाटतात, आणि मग "आमच्याकडे भाकरी जमत नाही" म्हणून लोक पोळीकडे वळतात. बाजरीच्या पिठाला तेल सुटून ते कडू होतं, ते तर आणखी थोडंच दळायचं. पीठ ताजं असेल आणि उकळत्या पाण्यात उकड घेतली तर तुझ्यासारखीलाही भाकरी जमते. गव्हाचं पीठही चक्कीवरच दळ, आणि घरी मैद्याच्या चाळणीने चाळू नकोस. कोंडा फेकला की निम्मा गहू फेकल्यासारखं आहे.

दळणाचा डबा चक्कीवर न्यायचा कुणी? तुझ्या नवऱ्याने. हे त्याचं काम, आणि ते टळलं तर त्या दिवशी भाकरी नाही, हे घरात ठरलेलं असू दे.

त्याच डब्यात पुढच्या वेळी कळण, म्हणजे ज्वारी आणि उडीद एकत्र, घाल. कळणाची भाकरी हे माझ्या मते खान्देशाने जगाला द्यावं असं अन्न आहे, आणि ते मी प्रेमापोटीच नाही तर विचार करूनही म्हणते. ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नावाचा घटक कमी असतो, उडदात तो भरपूर असतो. दोन्ही एकत्र दळले की एकाची उणीव दुसरं भरून काढतं. ज्या बायकांनी हे ठरवलं, त्यांना लायसिन माहीत नव्हतं. अख्खे उडीद सालासकट, थोडी मेथी, आणि पूर्वी खडेमीठही दळतानाच घालायचे. मीठ तेवढं तू दळताना घालू नकोस, कारण मग किती खाल्लं जातं त्याचा अंदाज राहत नाही. थंडीत भरताच्या वांग्यांचा हंगाम आला की ही भाकरी घरात आपोआप मागितली जाईल. बामणोदची हिरवी मोठी वांगी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेली, लसूण, हिरवी मिरची, पातीचा कांदा आणि सोबत कळणाची भाकरी. या जेवणाला तुझा मुलगा नाही म्हणेल असं मला वाटत नाही. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, हे त्याला सांग. मुलांना आपल्या गावच्या गोष्टीचं नाव झालेलं आवडतं.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगते. नवऱ्याची साखर उंबरठ्यावर आहे, तेव्हा भाकरी ज्वारीची आहे म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक-दीड भाकरी, ताटात भाजी आणि डाळ भाकरीपेक्षा जास्त, आणि जेवणाच्या सुरुवातीला घोळाणा. मेथी चिरून, कांदा, शेंगदाण्याचं कूट, थोडं तिखट, चमचाभर तेल, वरून लिंबू. करायला पाच मिनिटं लागतात, गॅस पेटवावा लागत नाही. आणि जेवल्यावर अर्धा तास पायी फिरणं. या सगळ्याला तीन महिने द्या. एचबीएवनसी ही तपासणी साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवते. 5.7 ते 6.4 या आकड्यांत असेल तर त्याला उंबरठा म्हणतात. आज किती आहे ते लिहून ठेवा आणि तीन महिन्यांनी पुन्हा बघा. सासऱ्यांना साखरेची, रक्तदाबाची किंवा किडनीची औषधं चालू असतील, तर त्यांच्या ताटात मोठा बदल करण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचार. साखरेची गोळी तीच आणि जेवण एकदम कमी झालं तर साखर खाली जाऊ शकते, हे गंभीर असतं.

आता रात्रीचं जेवण. आपल्याकडे रात्री खिचडी, कढी, पापड हे निम्म्या घरांत ठरलेलंच. शहरातल्या बायका ज्याला झटपट जेवण म्हणतात, ते आपल्या आज्यांनी केव्हाच शोधून ठेवलं आहे. तू कामावरून येऊन अर्ध्या तासात होणारं, घरातल्या सहाही जणांना आवडणारं जेवण तुझ्या हाताशी आहे. त्यात तीनच बदल कर. तांदूळ दोन वाट्या आणि डाळ एक, असं घालत असशील तर हळूहळू दोन्ही सारखे कर. त्यात मेथी, गंगाफळाच्या (लाल भोपळ्याच्या) फोडी किंवा हंगामातली शेंगभाजी टाक. आणि वरून जे कच्चं तेल ओततो ते बाटलीतून न ओतता चमच्याने घाल. पापड तळू नकोस, भाज, आणि तोही एकच. पापडात मीठ आणि पापडखार दोन्ही असतात. दिवसभरात माणशी 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ असावं असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे चहाचा सपाट चमचाभर. आपली जेवणं ती मर्यादा सहज ओलांडतात. खान्देशाच्या ताटाचं मला कौतुक आहे, पण तर्री आणि मीठ यात आपण जरा जास्तच मोकळे आहोत, हे मान्य केलं पाहिजे. तेलाचा डबा उघडशील त्या दिवशी त्यावर तारीख लिही. सहा माणसांना महिन्याला तीन लिटरच्या आसपास पुरायला हवं. चौथा लिटर लागला तर कुठे गेला ते बघायचं.

शेवभाजीचं काय करायचं? बंद करू नकोस. नवरा बाहेर जाऊन खातो त्यात तेल किती, मसाला कुठला, हे तुला कळत नाही. आठवड्यातून एकदा, शनिवारी म्हण, घरी कर. शेव दुकानाची चालेल, रस्सा घरचा, काळ्या मसाल्याचा, तेल निम्मं. आणि ती करेल तुझा नवरा. कांदा-खोबरं भाजणं, वाटणं, रस्सा उकळणं हे काही अवघड नाही. पहिले दोन शनिवार नीट जमणार नाही. तू तेव्हा स्वयंपाकघरात जाऊ नकोस, अंगणात बस. ज्या माणसाने स्वतः रस्सा केला, त्याला कढईत किती तेल जातं हे डोळ्यांनी दिसतं. तुझ्या शंभर वेळा सांगण्याने जे होणार नाही, ते त्या दोन शनिवारांत होईल.

खरी लढाई मात्र रात्रीची नाही, संध्याकाळी साडेपाचची आहे. मुलं शाळेतून भुकेली येतात, तू कामावर असतेस, सासूबाई दमलेल्या असतात. तेव्हा हाताशी जे असतं ते खाल्लं जातं. आजवर हाताशी फरसाण आणि बिस्किटं होती. तू ती काढलीस, पण त्या जागी काही ठेवलं नाहीस, आणि रिकामी जागा मुलांना दुकानापर्यंत नेते. तर ओट्यावर एक उघडी टोपली ठेव. त्यात केळी. आपल्या जिल्ह्यात केळीला तोटा नाही, मुलांना बिस्किटाच्या पुड्याऐवजी केळी मिळणं ही आपल्याकडे सगळ्यात सोपी गोष्ट आहे. पेरू, थंडीत बोरं, भाजलेले शेंगदाणे, फुटाणे, गुळाचा लहान खडा. डब्यात मुरमुरे भाजून ठेव, कांदा-लिंबू-शेंगदाणे टाकून सासूबाई ते दोन मिनिटांत कालवून देतील. मुलीला सहाव्या वर्षी शेंगदाणे नीट चावता येतात ना, एवढं बघ. आणि खाताना पळू देऊ नकोस.

मुलाचा डबा परत येतो, त्याचं कारण चव असेलच असं नाही. 11 वर्षांचा मुलगा आहे, मित्रांच्या डब्यात काय असतं आणि आपल्याला कोण काय म्हणेल, याची त्याला धास्ती असते. त्याला विचार. रागाने नको, नुसतं विचार, डबा उघडल्यावर काय होतं. डब्यासाठी मी एकच गोष्ट सुचवते: फुणके. तुरीची डाळ रात्री भिजवायची, सकाळी पाणी न घालता भरड वाटायची, लसूण, हिरवी मिरची, जिरे, मीठ, मेथी किंवा कांद्याची पात घालून मुठीने लांबट गोळे करायचे आणि चाळणीत वीस मिनिटं वाफवायचे. हाताने खाता येतात, सांडत नाहीत, थंड झाले तरी चांगले लागतात. संध्याकाळी उरलेले कुस्करून फोडणी दिली की दुसरी भाजी. घरी कढीसोबत खायचे ते हेच. मित्राने एक मागितला की तुझ्या मुलाचा प्रश्न निम्मा सुटेल, म्हणून दोन जास्तीचे दे.

नूडल्स पंधरा दिवसांतून एकदा, ठरलेल्या रविवारी. बंदी घातलेली गोष्ट मुलं लपून खातात, ठरलेल्या गोष्टीची वाट बघतात. आणि त्याला एक काम सोपव: दुकानात पाकीट घेतलं की मागची घटकांची यादी मोठ्याने वाचायची. जो घटक सगळ्यात जास्त, तो पहिला लिहिलेला असतो, मग उतरत्या क्रमाने बाकीचे. पहिल्या तीनांत मैदा, साखर आणि पाम तेल आलं की ठेवायचं परत. तुझ्यापेक्षा त्याच्या बोलण्याने आजोबा जास्त ऐकतील.

धाकटीचं लवकर होईल, पण तिला घाई करू नकोस. मुलं नवी चव पहिल्या घासाला नाकारतात. आठ-दहा वेळा, कधी त्याहून जास्त वेळा, तीच भाजी ताटात थोडीशी आली की हळूहळू ओळख होते. ताटात दोन घास वाढ. खाल्ले तर खाल्ले. नाही खाल्ले तर गप्प राहा, आणि तीन दिवसांनी पुन्हा दोन घास. "हे खा, मग ते देईन" असा सौदा करू नकोस, त्याने भाजी ही शिक्षा होऊन बसते.

सासऱ्यांचा टोस्ट परत दे. आजच. सत्तरीच्या माणसाची सकाळ आपण हिसकावून घेऊ नये. सहा खात असतील तर दोन द्या, आणि चहातली साखर आठवड्याला पाव चमचा कमी करा. चहा जेवणाला लागून नको, तासभर अंतर ठेवा, कारण चहाने अन्नातलं लोह कमी शोषलं जातं. हे तुलाही लागू आहे. थकवा फार आहे म्हणतेस, तर एकदा हिमोग्लोबिन तपासून घे. सगळ्या घराची काळजी घेताना स्वतःचं रक्त तपासायला बाई विसरते.

पोटाचंही सांगते. मैद्यावरून एकदम ज्वारी, उडीद, कडधान्यं यावर आलं की पहिले काही दिवस पोट फुगतं, वारा धरतो. म्हणून एका वेळचं जेवण बदला, दोन आठवडे थांबा, मग दुसरं. पाणी वाढवा. मठ (मटकी), मूग भिजवून मोड आणून घ्या, पचायला हलके जातात.

आणि तुझी पहाट. साडेचारला उठणं बंद. संध्याकाळी सगळे घरी असताना पंधरा मिनिटं सगळ्यांचे हात लागू देत: सासरे शेंगा सोलतील, लसूण सोलतील, मुलगा मेथी निवडेल, धाकटी मटार सोलेल. डाळ भिजवणं नवऱ्याकडे. भाकरी सासूबाईंच्या हाताची, त्यांना जमेल त्या दिवशीच, आणि त्यांच्या शेजारी बसून मुलाने एक तरी थापायला शिकावी. माझा मुलगा त्याच्या आजीकडून असाच शिकला. त्या आजारी होत्या, खुर्चीत बसून सांगायच्या, तो परातीत थापायचा. त्या दिवसापासून आमच्या घरातला अबोला संपला. मी पापड माळ्यावरून खाली काढले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्यांनी स्वतःच पापडात मीठ कमी घातलं.

कानबाईच्या सणाला नैवेद्याच्या रोटासाठी सव्वा मापाने गहू दळतो ना आपण, तेव्हा घरातली प्रत्येक व्यक्ती त्या दळणात मोजलेली असते. तसंच हे दळण सगळ्यांचं होऊ दे.

या रविवारी दोनच गोष्टी कर. टोस्ट आण, आणि दळणाचा डबा धुऊन वाळत घाल. मग सासूबाईंना विचार, त्यांच्या माहेरी कळणात ज्वारीला उडीद किती घालायचे, मेथी घालायचे का, आणि उडीद भाजून घ्यायचे की तसेच. आमच्याकडे चाराला एक घालतात. त्यांचं प्रमाण काय आहे, ते मला कळव.

तुझी,
मावशी